सोडून गेला

“यार्त्सेव कुठाय?”

नझार साव्विचनी यादीवरून बोट खाली नेत विचारलं, आणि मी टाइपरायटरची फीत नीट करायला घेतली. फीत नीटच होती.

“कोण यार्त्सेव?” मेजर त्यूरिन चहात साखर ढवळत म्हणाला.

“लुक्यान यार्त्सेव. माझ्या विमानातला गनर. घाटाजवळच्या आळीतल्या ग्रुन्यामावशीचा मुलगा. त्रेचाळीसच्या ऑक्टोबरात गेला. त्याचं नाव नाही यात.”

पासष्टचा एप्रिल होता. विजयाला वीस वर्षं होत होती आणि आमच्या वेर्खोयारला, कामा नदीच्या घाटावर, लढाईत पडलेल्यांच्या नावांचा दगड बसायचा होता. दोनशे अकरा नावं. ती यादी मी टाइप केली होती, कारण गावच्या लष्करी कचेरीत टाइप करायला एकोणीस वर्षं मीच बसते. दगडाच्या समितीचे अध्यक्ष नझार साव्विच पोलोझोव. जमिनीला चिकटून उडणाऱ्या हल्ला-विमानांचे वैमानिक, एकशे सतरा उड्डाणं, एकोणतिसाव्या वर्षी रेजिमेंटचे कमांडर, पुढे पूर्वेकडे एका अख्ख्या डिव्हिजनचे. छातीवर ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सुवर्णतारा. दुसरं कोण असणार अध्यक्ष?

तारा लावलेला कोट मात्र ते वर्षातून दोनदा घालत. बाकी दिवस मार्फाने, त्यांच्या बहिणीने, विणलेला तपकिरी स्वेटर. निवृत्त होऊन गावी आल्यापासून आळीतल्या बायका बिघडलेले स्टोव्ह त्यांच्याकडे टाकून जात, आणि ते जळून आखडलेल्या बोटांनी दिवसभर त्यांची भोकं साफ करत बसत. बायकांना संकोच नव्हता. “कर्नलसाहेब, परवाच केलात तरी पुन्हा धूर करतोय हो,” असं सुनावायच्यासुद्धा. लढाईत जबडा फुटून वाकडा सांधला होता, त्यामुळे बोलणं जेवढ्यास तेवढं. शाळेत भाषणाला बोलावलं की मुलांना म्हणत, “अभ्यास करा,” आणि खाली बसत.

“फाइल आण तास्या,” मेजर मला म्हणाला.

फाइल कुठल्या कपाटात, कितव्या खणात, कितव्या गठ्ठ्यात, मला डोळे मिटून ठाऊक होतं. तरी मी उगीच दोन खण उपसले. शेवटी आणून टेबलावर ठेवली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. 

मेजरने कागद काढला. “हे बघा. ऑक्टोबर त्रेचाळीस, ओर्शाच्या बाजूला. ‘गनर यार्त्सेव ल. – शत्रूच्या मुलखावर विमान सोडून गेला.’ पुढचं ठाऊक नाही. आता याचा अर्थ तुम्हाला मी काय सांगायचा? हुकूम नसताना हवाई छत्री घेऊन उडी मारली. मेल्याचा पुरावा नाही, आणि शरण गेला नसेल याचाही नाही. असल्यांची नावं दगडावर येत नाहीत, नझार साव्विच. आईला पेन्शनही नाही. तिचे तीन अर्ज आले, तीन नकार गेले.”

“हे लिहिलं कोणी?”

“सही तुमची आहे.”

नझार साव्विचनी चष्मा काढला, स्वेटरला पुसला, परत लावला. सही बघितली. मग अक्षर बघितलं. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. स्टोव्हचा कुठला भाग काम करत नाही हे शोधताना बघायचे, तसं.

“उडी नाही मारली त्याने,” ते मेजरला म्हणाले.

“मग काय झालं?”

“सांगतो. लिहून देतो.” आणि ते टोपी घेऊन निघाले. दारात थांबून म्हणाले, “तास्या, चल जरा.”

नदीवर बर्फ फुटायला लागलं होतं. अर्धं गाव काठावर ते वाहून जाताना बघत उभं होतं. आम्ही लोकांपासून बाजूला, लाकडाच्या वखारीकडे गेलो. ते एका ओंडक्यावर बसले. मी उभीच राहिले. बसायची माझी लायकी नव्हती, असं मला वाटत होतं.

“मीच लिहिलं ते,” मी म्हणाले. “माझं अक्षर आहे.”

“ओळखलं मी.”

मी तेव्हा एकोणीस वर्षांची, रेजिमेंटची कारकून. माझं गाव स्मोलेन्स्ककडचं. जर्मनांनी जाळलं, तेव्हा घरातलं कोणी उरलं नाही. रेजिमेंट हेच घर. रोज संध्याकाळी सहाच्या आत दिवसभराच्या नुकसानीचा तक्ता डिव्हिजनला जायचा. मोटारसायकलवाला दारात घरघर करत उभा असायचा आणि आमचा चीफ ऑफ स्टाफ माझ्या नावाने शिव्या घालत असायचा. त्या दिवशी नझार साव्विचचं विमान सगळ्यांत शेवटी उतरलं. चाळणी झाली होती. त्यांना ओढून बाहेर काढलं तेव्हा खालचा जबडा जागेवर नव्हता आणि हातमोजे कातडीला चिकटले होते. मागची जागा रिकामी होती. मशिनगन लोंबकळत होती, बस.

मी तक्ता घेऊन स्ट्रेचरच्या बाजूने पळत होते. विचारलं, “कमांडर, यार्त्सेव?”

ते मोडक्या जबड्याने कसंबसं म्हणाले, “गेला. लुक्यान गेला.”

गेला म्हणजे मेला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण माझ्यासमोर छापील तक्ता होता आणि त्यात रकाने तीनच: विमानात ठार, विमान सोडून गेला, सुखरूप परत. विमानात ठार म्हणावं तर विमानात कोणी नव्हतं. सुखरूप तर नव्हताच. मी विचारलं, “विमान सोडून गेला, असं घालू?” त्यांनी मान हलवली. की स्ट्रेचर हलला म्हणून मान हलली, ते देव जाणे. मी लिहिलं आणि पेन्सिल त्यांच्या बोटांत धरून सही करून घेतली. मोटारसायकल निघून गेली. चीफ ऑफ स्टाफ म्हणाला, शाबास, आज वेळेत.

ते चार महिने इस्पितळात होते. तिथून त्यांना दुसरी रेजिमेंट मिळाली, तारा मिळाला. तो कागद त्यांनी पुन्हा कधी पाहिलाच नाही. मी मात्र पाहिला. लढाई संपल्यावर त्यांनीच मार्फाला पत्र लिहिलं होतं, की या पोरीला कोणी नाही, तिला घरात घे. म्हणून मी वेर्खोयारला आले, कचेरीत लागले, आणि दुसऱ्याच वर्षी ग्रुन्यामावशीचा पहिला अर्ज माझ्या टेबलावर आला. नकार मीच टाइप केला. दुसरा मीच. तिसराही मीच.

“मला लिहायचं होतंस,” नझार साव्विच म्हणाले. “पूर्वेला होतो, पण पत्र येत होतं ना?”

“घाबरले. खोटा तक्ता भरला म्हणून पकडतील, असं वाटलं. नंतर वाटलं, एवढी वर्षं का गप्प होतीस, असं विचारतील. जितकी गप्प बसले तितकी जास्त घाबरले.”

मग हळूहळू, जबडा सांभाळत, त्यांनी मला त्या दिवशीचं सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

त्या विमानात वैमानिकाच्या चोहोबाजूंनी पोलाद. गनर पोलादाच्या बाहेर, पाठीला पाठ लावून, कॅनव्हासच्या एका पट्ट्यावर बसलेला. बसून शेपटीखालचं दिसत नाही, म्हणून गनर पट्ट्याची कडी सोडून उभे राहात. नियमात बसत नव्हतं. पण नझार साव्विचनीच लुक्यानला सांगितलं होतं, उभा राहा, उभं राहून मार, जास्त दिसेल. परतताना दोन जर्मन मेसरश्मिट विमानं मागे लागली. लुक्यान विमानातल्या फोनवर ओरडत होता, डावीकडे, डावीकडे. पुढे टेकडी आली. त्यांनी टेकडी जेमतेम ओलांडली आणि पलीकडच्या खोऱ्यात लपायला दांडा पूर्ण पुढे ढकलला. विमान असं अचानक खाली दबलं की आतलं सगळं वर उडतं. नकाशा, टोपी, सुटं सगळं.

“सुटं सगळं,” ते पुन्हा म्हणाले. “तो सुटा होता.”

“तुम्हाला कळलं?”

“विमान हलकं झालेलं कळतं. एक माणूस कमी झाला, की हाताला कळतं.” त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. “उंची साठ मीटर होती, तास्या. साठ मीटरवर छत्री उघडत नाही. तुझ्या तक्त्यात उंचीचा रकाना असता तर बरं झालं असतं.”

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, “अक्षर तुझं असेल. सही माझी आहे. वाचल्याशिवाय केली.”

कागद लिहायला त्यांना तीन दिवस लागले. मार्फाच्या स्वयंपाकघरात, स्टोव्ह बाजूला सारून, ते लिहायचे आणि खोडायचे. मार्फा म्हणजे तोंडाची फटकळ. चहाचा समोवार आपटून ठेवत म्हणाली, “साडेएकवीस वर्षं कोणी विचारलं नाही, आणि तुला आताच उकरायची हौस आली? तारा ज्या उड्डाणाचा, तेच उड्डाण. लोक काय म्हणतील? पोलोझोवने आपल्याच गावचा पोरगा बाहेर फेकला आणि वर बक्षीस घेतलं.”

“खरंच आहे की ते.”

“अरे, पण मुद्दाम थोडाच फेकलास?”

“मुद्दाम नाही म्हणून कमी मेला का तो?”

  मार्फा कोबीचं सार ढवळत पाठमोरी उभी राहिली, आणि थोड्या वेळाने नाक पुसून म्हणाली, “ग्रुन्याकडे मी लहानपणी दूध प्यायला जायचे. तूही यायचास. खा आता, गार होतंय.”

कागद मी टाइप केला. एका पानाचा होता. ‘उड्डाणाचा कमांडर या नात्याने मी जाहीर करतो, की गनर यार्त्सेव याने विमान सोडलेले नाही. माझ्या हातून घडलेल्या हालचालीमुळे तो साठ मीटर उंचीवरून बाहेर फेकला जाऊन मरण पावला. शेवटच्या क्षणापर्यंत तो गोळीबार करत होता. नोंदीतील चूक ही माझी आहे.’ शेवटच्या वाक्याशी माझी बोटं अडखळली. मी म्हणाले, चूक माझी आहे असं मीही लिहून देते, सही करते. ते म्हणाले, टाइप कर.

मेजर त्यूरिनने तो दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता, फक्त वरच्यांना फार घाबरायचा. त्या बाबतीत मी त्याला काय बोलणार?

“ताऱ्याच्या शिफारशीत काय लिहिलंय, माहीत आहे ना?” तो म्हणाला. “‘धाडसी हालचालीने शत्रूच्या दोन विमानांना चकवले.’ तीच ही हालचाल. उद्या जिल्ह्यातून कोणी विचारलं तर?”

“सांगेन त्यांना.”

“तारा कोणी काढून घेणार नाही, पण… नऊ मेच्या विजयदिनाला तुमचं भाषण आहे. पेपरात तुमच्यावर अख्खं पान येणार होतं.”

“बोललं की तोंड दुखतं माझं,” नझार साव्विच म्हणाले. “पाठव तू.”

कागद गेला. वीराची सही असली की कागद कसा पळतो, ते मी त्या वेळी पाहिलं. ग्रुन्यामावशीचा अर्ज आठ-आठ महिने फिरायचा. हा बारा दिवसांत परत आला, शिक्क्यासकट. ‘नोंद दुरुस्त करण्यात येत आहे. यार्त्सेव लुक्यान, सार्जंट, लढाऊ कामगिरीवर असताना ठार.’ नाव दगडावर घ्यावे, आईला पेन्शन सुरू करावी. सोबत फोनही आला, की नऊ तारखेला भाषण लाकूड कारखान्याचे डायरेक्टर करतील. पेपरातलं पान तर कुठे गेलं, कोणी सांगितलंच नाही. नझार साव्विचना मी हे भीत भीत सांगितलं. ते म्हणाले, डायरेक्टरचा आवाज चांगला आहे.

मला तर वाटत होतं, मी उडतेय. साडेएकवीस वर्षांचं ओझं उतरलं होतं. कधी एकदा ग्रुन्यामावशीच्या हातात तो कागद ठेवते, असं झालं होतं.

ती सार्वजनिक न्हाणीघरात कामाला होती. वाफेत अंगावर मारून घ्यायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या बांधायच्या, बादल्या घासायच्या. लढाईनंतरची पहिली काही वर्षं बायका तिच्या हातची जुडी घेत नसत. पळपुट्याची आई. एकदा तर मी असताना एकीने तिच्या पायाशी बादली ओतली होती. मी पाठीला साबण लावत बसले, मान वर केली नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आणि दरवर्षी ईस्टरनंतरच्या आठवड्यात ती धुवट रुमाल बांधून कचेरीच्या खिडकीशी यायची.

“कागदात काही बदललं का गं तास्या?”

“नाही मावशी.”

“बरं,” म्हणायची आणि जायची. ती पाठमोरी दिसेनाशी होईपर्यंत माझ्याने टाइप होत नसे. वाटायचं, बिचारी, याही वर्षी आस मोडली.

रविवारी सकाळी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. नझार साव्विचनी कोट घातला होता, पण तारा काढून ठेवला होता. कोटावर त्याची जागा तेवढी गडद दिसत होती. ग्रुन्यामावशी बटाट्यांना कोंब आलेत का ते खिडकीच्या उजेडात बघत होती. सत्तरीची, बारीक, हात मात्र पुरुषासारखे.

“साव्वाचा नझार,” ती म्हणाली. “ये. एवढा नटून? कोणाला मागणी घालायला निघालास?”

“तुमच्याकडेच आलोय, मावशी.”

“मग उशीर केलास रे,” ती म्हणाली आणि स्वतःच हसली. मग तिला माझ्या हातातला कागद दिसला. हसणं थांबलं.

“बदललं?” तिने मला विचारलं.

मला वाटलं, आनंदाने विचारतेय. मी म्हणाले, “बदललं मावशी. सगळं बदललं. दगडावर नाव येणार, पेन्शन…”

“काय लिहिलंय ते वाच.”

मी वाचलं. ठार हा शब्द मी मोठ्याने, स्पष्ट वाचला, इतकी मी मूर्ख. ती खाली बसली नाही की रडली नाही. हातातला बटाटा टोपलीत ठेवला आणि एप्रनला हात पुसले.

“कोणी सांगितलं होतं तुम्हाला?” ती म्हणाली.

आम्हाला कळेना.

“कोणी सांगितलं होतं बदलायला? मी येऊन विचारायचे ते बदललं नाही ना, म्हणून विचारायचे. सरकारच्या कागदावर होतं, सोडून गेला. शिक्क्याचं होतं. छत्री होती त्याच्याकडे. छत्री घेऊन सोडून गेला, म्हणजे कुठेतरी उतरला. उतरला म्हणजे आहे. जर्मनीत असेल, अमेरिकेत असेल, लग्न केलं असेल, यायला भीत असेल. बायका मला पळपुट्याची आई म्हणायच्या. मी म्हणायचे, असू दे पळपुटा. पळालेला माणूस जिवंत असतो.”

“पण मावशी, तुमचे अर्ज…” मी म्हणाले.

“पेन्शनचे अर्ज ते भाचीने केले. मी नुसतं नाव गिरवलं. नकार आला की मी देवाचे आभार मानायचे.”

 तीन नकार टाइप करताना मी तीनदा रडले होते, आणि ही तीनदा आभार मानत होती. 

नझार साव्विच उभेच होते. टोपी दोन्ही हातांत. ते म्हणाले, “मावशी, तो पळाला नव्हता. तुम्हाला खरं सांगायला आलोय. मी विमान खाली दाबलं आणि तो बाहेर फेकला गेला. मी पाडलं त्याला. त्याची कडी सुटी होती, तीही माझ्याच सांगण्यावरून.”

“छत्री होती ना?”

“होती. साठ मीटरवर उघडत नाही.”

“साठ मीटर म्हणजे किती?”

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. लाकूड कारखान्याची विटांची चिमणी दिसत होती. “त्या चिमणीपेक्षा थोडं जास्त.”

ती खिडकीशी गेली आणि चिमणीकडे बघत राहिली. खालपासून वरपर्यंत, मग वरपासून खालपर्यंत. बराच वेळ.

“ओरडला?”

माझ्या मनात आलं, नाही म्हणा. नाही म्हणायला काय जातंय?

“मला ऐकू आलं नाही,” नझार साव्विच म्हणाले. “इंजिन होतं.”

“आधी काय बोलला? शेवटचं.”

“डावीकडे, म्हणाला. डावीकडे, नझार साव्विच.”

“तुला सांगत होता.”

“हो. मी तसाच वळलो. म्हणून वाचलो.”

तिने मान हलवली. “लहानपणापासून तसाच. नावेत बसला की वल्हवणाऱ्याला सांगत बसायचा, इकडे वळव, तिकडे वळव.” मग अचानक ती त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता मारते. ती त्यांच्या खांद्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हती. म्हणाली, “एवढी वर्षं हे तू पोटात ठेवलंस ना? मग आणखी थोडी ठेवायचं होतंस. मी किती जगणार आहे?”

एकशे सतरा उड्डाणं केलेला तो माणूस. त्याच्यावर विमानविरोधी तोफा सुटायच्या तेव्हा रेजिमेंटमधली पोरं म्हणायची, कमांडरच्या अंगात नसा नाहीत. त्या माणसाचा वाकडा जबडा थरथरायला लागला आणि थांबेना. त्यांनी तो हाताने धरून ठेवला. “माफ करा” म्हणायचा प्रयत्न करत होते, पण शब्द बाहेर पडत नव्हता. खरं सांगून बरं केलं की वाईट, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं, की आम्ही दोघांनी मिळून त्या मुलाला दुसऱ्यांदा मारलं, आणि या वेळी त्याच्या आईसमोर.

ग्रुन्यामावशीने स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. “बस. पडशील.”

मग ती कोपऱ्यातल्या देवांच्या तसबिरींकडे गेली. त्यांच्या मागे हात घालून तिने एक छोटी वही काढली, तळहाताएवढी, पुठ्ठा झिजलेला. आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या घरी असते तशी. चर्चमध्ये पाद्री त्यातली नावं वाचतो. एका बाजूने जिवंतांची, त्यांच्या आरोग्यासाठी. उलटी करून दुसऱ्या बाजूने उघडली की मेलेल्यांची.

“माझं अक्षर धड नाही,” ती मला म्हणाली. “तुझं चांगलं आहे. कचेरीतलं.”

मी पेन काढलं.  तिने जिवंतांचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. पहिलं नाव भाचीचं. मग तिची मुलं. मग लुक्यान. एकवीस वर्षं हे नाव चर्चमध्ये जिवंतांत वाचलं जात होतं, आणि गावात कोणी कधी बोललं नव्हतं. त्याच्या खालीच, त्याच जुन्या पेन्सिलीने, नझार.

त्यांनीही ते पाहिलं.

“लुक्यानने पत्रात लिहिलं होतं,” ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. “आमचा कमांडर गावचाच आहे, आई, त्याच्यासाठीही वाचत जा. म्हणून.”

मी लुक्यानच्या नावावर रेघ मारली. सरळ, एकच. पेन पुढे गेलं तशी ती घाईने म्हणाली, “त्याच्यावर नको. तो राहू दे.”

मग तिने वही उलटी केली आणि पान शोधून दिलं. तिथे तिच्या नवऱ्याचं नाव होतं, आईवडिलांचं होतं, एका लहान मुलीचं होतं जी मला माहीत नव्हती. त्यांच्या खाली मी लिहिलं, लुक्यान.

“काय लिहिलंस, वाच,” ती म्हणाली.

“लुक्यान.”

“पुढे काही नाही ना?”

“नाही मावशी. नुसतं नाव.”

तिने वही हातात घेतली, उजेडात धरली आणि शाई वाळेपर्यंत तशीच उघडी धरून उभी राहिली.